विश्लेषण : भावाचा तुरुंगात अंत, तरीही स्टालिनच्या काळात अकादमीचे अध्यक्षपद! प्रकाशाचे अभ्यासक सर्गेई वाविलोव्ह कोण होते?

अणुभट्टीच्या पाण्यात दिसणारा गूढ निळा प्रकाश जगभर ‘चेरेन्कोव्ह प्रारण’ म्हणून ओळखला जातो. रशियात मात्र त्याला ‘वाविलोव्ह-चेरेन्कोव्ह परिणाम’ म्हणतात. या नावातले वाविलोव्ह म्हणजे सर्गेई इव्हानोविच वाविलोव्ह. सोव्हिएत रशियातील प्रकाशशास्त्राचे ते प्रमुख संशोधक होते आणि १९४५ ते १९५१ या काळात सोव्हिएत विज्ञान अकादमीचे अध्यक्ष. त्यांचे थोरले बंधू निकोलाय वाविलोव्ह हे जगप्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांना स्टालिनच्या राजवटीने तुरुंगात टाकले आणि तिथेच त्यांचा उपासमारीने अंत झाला. त्यानंतर अवघ्या अडीच वर्षांत त्याच राजवटीने सर्गेई यांना देशातील विज्ञानाच्या सर्वोच्च पदावर बसवले. त्यांनी हे पद का स्वीकारले? त्या पदावर राहून काय केले? आणि मुळात त्यांचे विज्ञानातले काम काय होते?

सर्गेई वाविलोव्ह यांची पार्श्वभूमी काय?

सर्गेई यांचा जन्म २४ मार्च १८९१ रोजी मॉस्कोत झाला. वडील इव्हान इलिच हे शेतकरी कुटुंबातून येऊन कापडाच्या व्यापारात मोठे झालेले गृहस्थ. मुलांनी व्यापार सांभाळावा, अशी त्यांची इच्छा होती. म्हणून दोन्ही मुलांना त्यांनी व्यापारी शाळेत घातले. प्रत्यक्षात चारही भावंडे विज्ञानाकडे वळली. निकोलाय वनस्पतिशास्त्रात गेले, सर्गेई भौतिकशास्त्रात. एक बहीण डॉक्टर झाली, तर दुसरी सूक्ष्मजीवशास्त्राकडे गेली.

व्यापारी शाळेत लॅटिन शिकवत नसत आणि विद्यापीठातील प्रवेशासाठी लॅटिन आवश्यक होते. सर्गेई यांनी ते स्वतंत्रपणे शिकून परीक्षा दिली आणि १९०९ मध्ये मॉस्को विद्यापीठात प्रवेश मिळवला. हे लॅटिन पुढे त्यांना फार उपयोगी पडले. न्यूटनचे प्रकाशशास्त्रावरील लेखन रशियन भाषेत आणणारे अनुवादक म्हणूनही ते ओळखले जातात.

विद्यापीठातील संधी का नाकारली?

मॉस्को विद्यापीठात त्यांना प्योत्र लेबेदेव्ह यांची प्रयोगशाळा मिळाली. प्रकाश ज्या वस्तूवर पडतो, तिच्यावर अत्यंत सूक्ष्म का होईना, दाब देतो, हे प्रयोगाने मोजून दाखवणारे शास्त्रज्ञ म्हणजे लेबेदेव्ह. मात्र १९११ मध्ये झारच्या सरकारचे शिक्षणमंत्री कास्सो यांनी विद्यापीठाच्या स्वायत्ततेवर घाला घातला. त्याच्या निषेधार्थ शंभराहून अधिक प्राध्यापक आणि अध्यापकांनी राजीनामे दिले. त्यात लेबेदेव्हही होते. त्यांची प्रयोगशाळा मॉस्कोतील एका इमारतीच्या तळघरात हलवावी लागली. सर्गेई यांनी पहिले संशोधन याच तळघरात केले. विषय होता रंगद्रव्ये उष्णतेने कशी विटतात, हा. लेबेदेव्ह यांची प्रकृती मात्र या धक्क्यातून सावरली नाही. १९१२ मध्ये, वयाच्या ४६व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

१९१४ मध्ये सर्गेई पदवीधर झाले. विद्यापीठातच राहून प्राध्यापकपदाची तयारी करण्याची संधी त्यांच्यापुढे होती. ज्या विद्यापीठाने आपल्या गुरूंना जाऊ दिले, तिथे राहायचे नाही, असे ठरवून त्यांनी ती नाकारली. त्यानंतर लगेचच पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ते सैन्यात दाखल झाले. आघाडीवर त्यांचा संबंध रेडिओशी आला. शत्रूचे रेडिओ केंद्र नेमके कुठे आहे, हे येणाऱ्या लहरींच्या तीव्रतेवरून शोधण्याची पद्धत त्यांनी तिथे सुचवली.

तेवीस वर्षांच्या सर्गेई यांनी निषेध म्हणून नकार दिला होता. पुढे चोपन्नाव्या वर्षी त्यांनी होकार दिला. त्यांच्या आयुष्याचा विचार करताना या दोन्ही निर्णयांकडे एकत्र पाहावे लागते.

प्रकाशाबाबत त्यांनी नेमके काय शोधले?

१९१८ मध्ये युद्धावरून परतल्यानंतर सर्गेई मॉस्कोत अध्यापन आणि संशोधन करू लागले. त्यांचा मुख्य विषय होता ल्युमिनेसन्स, म्हणजे वस्तू न तापता तिच्यातून बाहेर पडणारा प्रकाश. काही पदार्थांवर एका रंगाचा प्रकाश टाकला की ते दुसऱ्या रंगाने चमकतात. नोटेवरच्या खुणा अतिनील दिव्याखाली चमकतात, ते याचेच उदाहरण.

त्या काळी असा समज होता, की या प्रक्रियेत शोषलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग परत मिळतो आणि बाकीचा उष्णतेत वाया जातो. सर्गेई यांनी १९२४ मध्ये काळजीपूर्वक मोजमाप केले. काही रंगद्रव्यांच्या द्रावणांत हे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांपर्यंत जाते, असे त्यांना आढळले. पाठोपाठ त्यांनी दुसरी गोष्ट सिद्ध केली. शोषलेल्या दर शंभर प्रकाशकणांमागे किती प्रकाशकण बाहेर पडतात, हे प्रमाण टाकलेल्या प्रकाशाच्या रंगावर सहसा अवलंबून नसते. हा नियम आज ‘वाविलोव्हचा नियम’ म्हणून पाठ्यपुस्तकांत आहे.

या मोजमापांना व्यवहारातही अर्थ होता. अतिनील प्रकाशाचे दृश्य प्रकाशात रूपांतर इतक्या कार्यक्षमतेने होत असेल, तर त्यातून स्वस्त दिवा बनवता येईल. घरोघरी लागलेली ट्यूबलाइट याच तत्त्वावर चालते. नळीतील पाऱ्याच्या वाफेतून अतिनील किरण निघतात आणि नळीला आतून दिलेला पांढरा लेप त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. अमेरिकेत असे दिवे १९३८ मध्ये बाजारात आले. सोव्हिएत रशियात ते विकसित करण्याचे काम वाविलोव्ह यांच्या मार्गदर्शनाखाली झाले.

त्यांचे आणखी एक काम काळाच्या खूप पुढचे होते. प्रकाश कितीही प्रखर केला, तरी पदार्थ त्याचा ठरावीक हिस्साच शोषतो, असे तेव्हा मानले जाई. वाविलोव्ह आणि त्यांचे सहकारी वादिम ल्योव्हशिन यांनी १९२६ मध्ये युरेनियमयुक्त काचेवर प्रयोग केला. प्रकाश प्रखर केल्यावर काच तुलनेने कमी शोषते, असे त्यांना दिसले. फरक अगदी थोडा होता, पण नियम मोडलेला दिसत होता. अशा घटनांच्या अभ्यासाला वाविलोव्ह यांनीच पुढे ‘नॉनलिनिअर ऑप्टिक्स’ हे नाव दिले. लेझरचा शोध लागण्याआधी दहा वर्षे त्यांनी आपल्या पुस्तकात हा शब्द वापरला होता. लेझरनंतर ती भौतिकशास्त्राची स्वतंत्र शाखाच झाली.

डोळ्याने प्रकाशकण मोजता येतात?

प्रकाश हा लहरींचा बनलेला आहे, तसाच तो कणांचाही आहे, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पष्ट होत होते. पण हे कणरूप थेट पाहायचे कसे? वाविलोव्ह यांनी १९३० च्या दशकात त्यासाठी मानवी डोळाच उपकरण म्हणून वापरला.

माणसाला बराच वेळ पूर्ण काळोखात बसवले, की त्याचा डोळा कमालीचा संवेदनशील होतो. अशा डोळ्यासमोर अत्यंत मंद हिरव्या प्रकाशाचे झोत ठरावीक अंतराने सोडायचे. सगळे झोत एकसारखे. प्रकाश सलग वाहणारा असेल, तर एक तर सगळे झोत दिसायला हवेत किंवा एकही दिसू नये. प्रत्यक्षात काही दिसत आणि काही दिसत नसत. याचे कारण असे, की इतक्या मंद झोतात मोजकेच फोटॉन असतात आणि त्यांची संख्या दर वेळी थोडी कमी-जास्त होते. पावसाच्या तुरळक सरीत अंगणातल्या एकाच फरशीवर कधी तीन थेंब पडतात, कधी पाच, तसेच हे. संख्या एका मर्यादेखाली गेली, की डोळ्याला झोत जाणवत नाही. दिसलेल्या आणि न दिसलेल्या झोतांच्या आकडेवारीवरून प्रकाशाचे कणरूप उलगडत गेले.

महागडे उपकरण नाही, फक्त काळोखी खोली, संयम आणि डोळा. नेमक्या याच पद्धतीमुळे त्यांच्या प्रयोगशाळेत आणखी मोठा शोध लागला.

निळ्या प्रकाशाचा शोध कसा लागला?

१९३२ मध्ये वाविलोव्ह विज्ञान अकादमीचे पूर्ण सदस्य झाले आणि लेनिनग्राडमधील सरकारी ऑप्टिकल संस्थेचे वैज्ञानिक प्रमुखपद त्यांच्याकडे आले. त्याच सुमारास पावेल चेरेन्कोव्ह हा वोरोनेझ भागातील खेड्यातून आलेला तरुण त्यांच्याकडे संशोधनासाठी दाखल झाला. युरेनियमच्या क्षारांच्या द्रावणांवर रेडियमचे गॅमा किरण टाकायचे आणि द्रावण कसे चमकते ते पाहायचे, असा विषय त्याला दिला गेला. चमक इतकी मंद, की प्रयोगाआधी तासभर अंधारात बसून डोळे सरावावे लागत.

या कामात चेरेन्कोव्हला एक अडचण आली. युरेनियमचा क्षार न घालता, नुसत्या द्रवावर किरण टाकले तरी फिकट निळा प्रकाश दिसायचा. रेडियमच्या आसपासची अशी चमक आधीही काहींनी पाहिली होती. पण ती द्रवातील अशुद्धींमुळे येणारी नेहमीची चमक असावी, असे समजून सोडून दिली गेली होती.

वाविलोव्ह यांनी मात्र ती सोडून दिली नाही. ल्युमिनेसन्सचे गुणधर्म त्यांना तोंडपाठ होते. अशी चमक द्रव तापवल्यावर किंवा काही विशिष्ट रसायने घातल्यावर मंदावते. ही निळी चमक मंदावत नव्हती. द्रव बदलला तरी तिच्यात फारसा फरक पडत नव्हता आणि शुद्ध पाण्यातही ती दिसत होती. शिवाय तिच्यातील प्रकाशलहरींच्या कंपनांना गॅमा किरणांच्या दिशेशी जुळणारी ठरावीक दिशा होती. यावरून ही ल्युमिनेसन्स नाहीच, असा निष्कर्ष त्यांनी काढला. गॅमा किरण द्रवातील अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात आणि वेगाने धावणारे हे इलेक्ट्रॉनच प्रकाश देतात, असे त्यांनी मांडले. १९३४ मध्ये अकादमीच्या नियतकालिकात दोन लेख आले. एक चेरेन्कोव्हचा प्रयोगाबाबत आणि दुसरा वाविलोव्ह यांचा, त्याच्या अर्थाबाबत.

वाविलोव्ह यांचे उत्तर अर्धे बरोबर होते. प्रकाश इलेक्ट्रॉनचाच होता, पण तो इलेक्ट्रॉनचा वेग मंदावताना निघतो, असे त्यांना वाटले होते. खरे कारण १९३७ मध्ये इल्या फ्रँक आणि इगोर ताम यांनी शोधले. निर्वात पोकळीत प्रकाशापेक्षा वेगाने काहीच जाऊ शकत नाही. पाण्यात मात्र प्रकाशाचा स्वतःचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटरवरून सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरवर येतो. त्यामुळे पाण्यात एखादा इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या पुढे धावू शकतो. होडी पाण्याच्या लाटांपेक्षा वेगाने गेली, की तिच्यामागे इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची लाट उठते. ध्वनीपेक्षा वेगाने उडणाऱ्या विमानामागे ध्वनीचा दणका येतो. तसाच हा प्रकाशाचा ‘दणका’, आणि तो निळा दिसतो.

नोबेलच्या यादीत त्यांचे नाव का नाही?

‘नेचर’ या प्रतिष्ठित नियतकालिकाने १९३७ मध्ये चेरेन्कोव्हचा लेख नाकारला. तो अमेरिकेतील ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगाला या शोधाची ओळख झाली. १९४६ मध्ये सोव्हिएत सरकारने या शोधासाठी स्टालिन पारितोषिक दिले. ते चौघांना मिळाले : वाविलोव्ह, चेरेन्कोव्ह, ताम आणि फ्रँक.

१९५८ मध्ये याच शोधासाठी नोबेल पारितोषिक जाहीर झाले तेव्हा यादीत तीनच नावे होती. वाविलोव्ह यांचे निधन होऊन सात वर्षे झाली होती आणि नोबेल मरणोत्तर दिले जात नाही. जगभरच्या पुस्तकांत मग एकट्या चेरेन्कोव्हचे नाव रूढ झाले.

थोरल्या भावाचे काय झाले?

निकोलाय हे सर्गेई यांच्याहून साधारण साडेतीन वर्षांनी मोठे. गहू, मका, बटाटा अशी पिके मुळात जगाच्या कोणत्या भागांत उगम पावली, याचा सिद्धांत त्यांनी मांडला. जगभर फिरून त्यांनी बियाणी जमवली आणि लेनिनग्राडमध्ये तेव्हाचा जगातील सर्वांत मोठा बियाणे संग्रह उभा केला. आनुवंशिकता समजून घेतली तर दुष्काळात तगणारे वाण तयार करता येतील, अशी त्यांची भूमिका होती.

याच काळात त्रोफिम लिसेन्को हा कृषितज्ज्ञ पुढे आला. जनुकांचे विज्ञान भांडवलशाही थोतांड आहे आणि बियाण्यांवर प्रक्रिया करून अल्पावधीत पिकांचा स्वभाव बदलता येतो, असा त्याचा दावा होता. सामूहिक शेतीच्या अपयशाने अडचणीत आलेल्या राजवटीला झटपट उत्तर हवे होते. लिसेन्कोला स्टालिनचा वरदहस्त लाभला. निकोलाय यांनी त्याला जाहीर विरोध केला.

६ ऑगस्ट १९४० रोजी पश्चिम युक्रेनमध्ये अभ्यासदौऱ्यावर असताना निकोलाय यांना अटक झाली. जुलै १९४१ मध्ये हेरगिरी आणि घातपाताच्या आरोपांवरून मृत्युदंड सुनावला गेला. पुढे तो २० वर्षांच्या कैदेत बदलला. २६ जानेवारी १९४३ रोजी साराटोव्हच्या तुरुंगात कुपोषणाने त्यांचा मृत्यू झाला. त्यांची पत्नी आणि धाकटा मुलगा त्या वेळी साराटोव्ह शहरातच राहत होते. निकोलाय याच शहरात कैदेत आहेत, याची त्यांना कल्पना नव्हती. सर्गेई यांना भावाच्या मृत्यूची बातमी कळली ती जुलैमध्ये, पाच महिन्यांहून अधिक काळ उलटल्यावर. भावाच्या कुटुंबाला ते आर्थिक मदत करत राहिले.

युद्धकाळात सर्गेई काय करत होते?

जून १९४१ मध्ये जर्मनीने आक्रमण केले. ऑप्टिकल संस्था लेनिनग्राडहून योश्कर-ओला या गावी हलवण्यात आली. दुर्बिणी, तोफांच्या नेमबाजीची उपकरणे, अंधारात उपयोगी पडणारे चमकणारे पदार्थ अशी लष्कराच्या गरजेची कामे तिथे चालत. दुसरी संस्था होती मॉस्कोची लेबेदेव्ह भौतिकशास्त्र संस्था, अर्थात ‘फिआन’. ती वाविलोव्ह यांनीच १९३४ मध्ये उभी केली होती आणि तिला आपल्या गुरूंचे नाव दिले होते. ती युद्धात कझानला हलली. वाविलोव्ह दोन्ही संस्थांची जबाबदारी सांभाळत या गावांदरम्यान ये-जा करत होते.

याच धामधुमीत त्यांनी न्यूटनचे चरित्र लिहिले. न्यूटनच्या जन्माला ३०० वर्षे होत असल्याच्या निमित्ताने ते १९४३ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे भावाचा ठावठिकाणा माहीत नसतानाच्या दिवसांत हे लेखन झाले होते.

अध्यक्षपद त्यांच्याकडेच का गेले?

१९४५ मध्ये अकादमीचे वृद्ध अध्यक्ष व्लादिमीर कोमारोव्ह पायउतार झाले. १७ जुलै १९४५ रोजी सर्गेई वाविलोव्ह यांची निवड झाली. मतदान झाले असले, तरी अशा पदावर कोण बसणार हे स्टालिनच ठरवत असे. वाविलोव्ह कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य नव्हते. क्रांतीनंतर त्यांचे व्यापारी वडील दहा वर्षे बल्गेरियात जाऊन राहिले होते. आणि भाऊ ‘देशद्रोही’ ठरून तुरुंगात मेला होता.

कदाचित हेच त्यांच्या निवडीचे एक कारण असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. ज्याच्या घरात असा इतिहास आहे, तो माणूस मर्यादा ओलांडण्याची शक्यता कमी. शिवाय निकोलाय यांचे काय झाले, असे परदेशी शास्त्रज्ञ विचारू लागले होते. लंडनच्या रॉयल सोसायटीने १९४२ मध्येच त्यांना परदेशी सदस्य म्हणून निवडले होते. त्यांचाच सख्खा भाऊ अकादमीचा अध्यक्ष आहे, हे जगाला दाखवणे सोयीचे होते.

सर्गेई यांच्या बाजूने विचार केला तर नकार देणे कितपत शक्य होते, हाही प्रश्न आहे. नकाराचा फटका कुटुंबाला आणि संस्थेतील सहकाऱ्यांनाही बसू शकला असता. फिआनचे उपसंचालक बोरिस हेसेन यांना १९३६ मध्ये अटक करून गोळ्या घातल्या गेल्या होत्या. इगोर ताम यांच्या भावालाही मृत्युदंड झाला होता. अध्यक्षपद लिसेन्कोसारख्या व्यक्तीच्या हाती गेले तर काय होईल, ही भीती वेगळीच.

१९४८ मध्ये काय घडले?

या पदाची खरी किंमत १९४८ मध्ये मोजावी लागली. ऑगस्टमध्ये कृषी अकादमीच्या अधिवेशनात लिसेन्कोने स्टालिनच्या संमतीने जनुकशास्त्र मोडीत काढले. त्यानंतर काही दिवसांतच विज्ञान अकादमीच्या अध्यक्षमंडळाची विस्तारित बैठक झाली. अध्यक्षस्थानी वाविलोव्ह होते. जीवशास्त्र विभागाचे प्रमुख लिओन ओर्बेली यांना पदावरून हटवण्यात आले. जनुकशास्त्रज्ञ निकोलाय दुबिनिन यांची प्रयोगशाळा बंद झाली. ज्या विज्ञानासाठी थोरला भाऊ मेला, त्याच्यावर अकादमीत कुऱ्हाड चालवणारे ठराव धाकट्या भावाच्या अध्यक्षतेखाली मंजूर झाले.

त्याच वर्षी रॉयल सोसायटीचे माजी अध्यक्ष सर हेन्री डेल यांनी सोव्हिएत अकादमीच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला. निकोलाय यांच्यावरील अन्यायाची आठवण करून देणारे ते पत्र अकादमीच्या अध्यक्षांच्या, म्हणजे सर्गेई यांच्याच नावे होते.

स्टालिनची स्तुती करणारी भाषणे आणि लेखही सर्गेई यांनी दिले. लेखक अलेक्झांडर सोल्झेनित्सिन यांनी ‘गुलाग आर्किपेलागो’मध्ये त्यांच्यावर कठोर शब्दांत टीका केली आहे. भावाचा बळी घेणाऱ्यांची चाकरी त्यांनी पत्करली, असा त्या टीकेचा रोख होता.

पदावर राहून त्यांनी काय वाचवले?

दुसरी बाजू त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. जीवशास्त्राचे झाले तसे भौतिकशास्त्राचेही होण्याची चिन्हे होती. सापेक्षता सिद्धांत आणि क्वांटम सिद्धांत हे पक्षाच्या तत्त्वज्ञानाशी विसंगत आहेत, असा प्रचार सुरू झाला होता. १९४९ च्या सुरुवातीला भौतिकशास्त्रज्ञांची देशव्यापी परिषद घेण्याची तयारी चालली होती. त्यातील एक प्रमुख भाषण वाविलोव्ह यांचे ठरले होते. ऐनवेळी ती परिषद रद्द झाली. अणुबॉम्बच्या कामात खंड पडणे राजवटीला परवडणारे नव्हते, हे त्यामागचे मोठे कारण मानले जाते. म्हणजे भौतिकशास्त्र वाचले त्याचे सगळे श्रेय वाविलोव्ह यांना देता येत नाही.

फिआनबाबत मात्र त्यांचे श्रेय स्पष्ट आहे. इतरत्र हल्ले होत असलेल्या ताम, मांडेलश्ताम, लांड्सबर्ग यांच्यासारख्या शास्त्रज्ञांना या संस्थेत जागा मिळाली. वाविलोव्ह यांचा स्वतःचा विषय प्रकाशशास्त्र. तरी त्यांनी संस्थेत अणुकेंद्र, वैश्विक किरण, सैद्धांतिक भौतिकशास्त्र असे नवे विभाग उभे केले. चेरेन्कोव्ह, ताम, फ्रँक, लेझरच्या संशोधनासाठी बासोव्ह आणि प्रोखोरोव्ह, पुढे गिन्झबर्ग आणि शांततेचे नोबेल मिळालेले साखारोव्ह अशा सात नोबेल विजेत्यांचे नाते या एका संस्थेशी आहे. यातील बहुतेक जण वाविलोव्ह संचालक असतानाच तिथे आले होते.

सामान्य वाचकांसाठीचे त्यांचे कामही मोठे आहे. ‘डोळा आणि सूर्य’ हे त्यांचे छोटे पुस्तक अनेक पिढ्यांनी वाचले. विज्ञानप्रसारासाठी १९४७ मध्ये स्थापन झालेल्या देशव्यापी संस्थेचे ते पहिले अध्यक्ष होते. बृहत् सोव्हिएत विश्वकोशाच्या दुसऱ्या आवृत्तीचे ते मुख्य संपादक झाले. जागतिक अभिजात ग्रंथांची ‘साहित्यिक स्मारके’ ही मालिकाही त्यांच्याच पुढाकारातून सुरू झाली. या मालिकेतील पहिले पुस्तक महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष आहे. ते होते पंधराव्या शतकात चौलच्या बंदरात उतरून जुन्नरमार्गे बिदरला गेलेल्या अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचे प्रवासवर्णन. ते १९४८ मध्ये, म्हणजे अकादमीतल्या त्या बैठकीच्याच वर्षी, प्रकाशित झाले.

रोजनिशीतून काय समोर आले?

जाहीर भाषणांत जे सर्गेई दिसतात, त्यापेक्षा वेगळा माणूस त्यांच्या रोजनिशीत दिसतो. ही रोजनिशी २०१२ आणि २०१६ मध्ये दोन खंडांत रशियात प्रसिद्ध झाली. निकोलाय यांची अटक, त्यांच्या मृत्यूची बातमी, त्यानंतरची पोकळी याच्या नोंदी त्यात आहेत. अध्यक्षपदाच्या वर्षांत सभा, फायली, शिफारसपत्रे यांचा कंटाळा आणि प्रयोगशाळेपासून दूर गेल्याची खंत वारंवार येते. भावाची आठवणही पुन्हा पुन्हा येते. अशा नोंदी घरात ठेवणे त्या काळी धोक्याचे होते.

२५ जानेवारी १९५१ रोजी हृदयविकाराने सर्गेई वाविलोव्ह यांचे मॉस्कोत निधन झाले. साठी पूर्ण व्हायला दोन महिने बाकी होते. दुसऱ्या दिवशी निकोलाय यांच्या मृत्यूला आठ वर्षे पूर्ण होणार होती. फिआनमधील त्यांचे सहकारी येवगेनी फाइनबर्ग यांनी त्यांच्यावरील लेखाला ‘हृदयावरील नऊ व्रण’ असे शीर्षक दिले. हे शीर्षक शवविच्छेदनात आढळलेल्या जुन्या झटक्यांच्या खुणांवरून आले आहे.

आज त्यांचे काम कुठे दिसते?

निकोलाय यांना ऑगस्ट १९५५ मध्ये, स्टालिनच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, निर्दोष ठरवण्यात आले. ते पाहायला सर्गेई नव्हते. चेरेन्कोव्ह प्रारणाचा उपयोग तोवर जगभर सुरू झाला होता. जपानमधील सुपर-कामिओकांडे आणि अंटार्क्टिकातील आइसक्यूब ही न्यूट्रिनो टिपणारी यंत्रणा याच निळ्या प्रकाशावर चालते.

भारतातही तो दिसतो. १९५६ मध्ये तुर्भे येथे कार्यान्वित झालेल्या ‘अप्सरा’ या देशातील पहिल्या अणुभट्टीचा गाभा पाण्याच्या तलावात होता. त्या पाण्यात दिसणारी निळी आभा हीच. लडाखमधील हानले येथे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेली २१ मीटर व्यासाची ‘मेस’ दुर्बीणही चेरेन्कोव्ह प्रकाशच टिपते. अवकाशातून येणारे गॅमा किरण वातावरणावर आदळले, की त्यातून वेगवान इलेक्ट्रॉनांचा वर्षाव होतो आणि क्षणार्धापुरता निळा प्रकाश चमकतो. त्यावरून मूळ किरण कुठून आला हे शोधले जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये या दुर्बिणीचे उद्घाटन झाले.

सर्गेई यांनी केलेली तडजोड योग्य होती का, यावर रशियात आजही मतभेद आहेत. फिआन टिकली आणि जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळा बंद झाल्या, या दोन्ही गोष्टी त्यांच्याच कारकिर्दीत घडल्या. चंद्राच्या पृथ्वीवरून न दिसणाऱ्या बाजूला ‘वाविलोव्ह’ नावाचे एक विवर आहे. ते कोणा एकाच्या नावे नाही. निकोलाय आणि सर्गेई या दोघा भावांच्या स्मरणार्थ ते नाव दिले आहे.